जलविहार आणि इंधनावरील कर

आमच्या परंड्यास समुद्र नाहीं. सीना-कोळेगांव धरणाचें पाणी, तेंही पावसानें कृपा केली तर, एवढाच काय तो आमच्या मुलांच्या परिचयाचा जलाशय. अशा गांवच्या शाळेच्या वार्षिकांत, करमणुकीसाठीं नौका बाळगणारांस इंधनावरील करांत सूट असावी कीं नसावी, ह्याची चर्चा कशाला, असें कोणी वाचक विचारतील. आमचें उत्तर इतकेंच कीं, हा कर केवळ समुद्रकिनाऱ्यावर भरला जात नाहीं. परंड्याचा शेतकरी ट्रॅक्टरमध्यें डिझेल ओततो, तेव्हां तोही तो भरीत असतो. आणि एकास दिलेली सूट सरकारास दुसऱ्या कोणाच्या तरी खिशांतून भरून काढावी लागते.

नौकांच्या हौशी मालकांचा मुख्य मुद्दा असा असतो कीं, इंधनावरील कर रस्त्यांसाठीं आहे आणि नौका तर रस्त्यावर चालत नाहीं. हा मुद्दा अगदींच पोकळ नाहीं. १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते-समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ सालीं पेट्रोलवरील कर दर गॅलनमागें चार आण्यांवरून सहा आण्यांवर नेला व वाढीचें उत्पन्न रस्त्यांसाठीं राखून ठेवलें. परंतु आज इंधनावर केंद्राचा उत्पादन-कर आहे, रस्ते व इतर बांधकामांसाठींचा उपकर आहे, आणि राज्याचा मूल्यवर्धित कर निराळा आहे. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला, पण पेट्रोल व डिझेल त्याच्या बाहेरच राहिलीं. ह्या उत्पन्नाचा मोठा भाग सर्वसाधारण तिजोरींत जातो, आणि तींतूनच शाळा व दवाखाने चालतात. शिवाय नांगरटीचा ट्रॅक्टर व विहिरीवरचें डिझेल-एंजिन हीं तरी रस्त्यावर कोठें चालतात? रस्ता न वापरणारास सूट, हा न्याय लावावयाचा झाला तर पहिला मान शेतकऱ्याचा आहे. जलविहार करणाराचा क्रम त्यानंतर कितीतरी मागें लागेल.

परदेशांत ह्या प्रश्नाचा बराच खल झाला आहे. युरोपांतील राष्ट्रांनीं २००३ सालच्या नियमांत मासेमारीच्या व वाहतुकीच्या नौकांचें इंधन करमुक्त ठेवलें, पण खासगी हौशी नौका त्यांतून वगळल्या. ब्रिटनमध्यें शेतकी व मासेमारी यांसाठीं तांबडा रंग मिसळलेलें, कमी कराचें डिझेल मिळे, तेंच हौशी नौकांसही मिळत असे. १ नोव्हेंबर २००८ पासून नौका चालविण्यास लागणाऱ्या डिझेलवर पूर्ण कर बसला; नौकेंतील ऊब व दिवाबत्ती यांपुरतीच सवलत राहिली. शंभरांपैकीं साठ भाग चालनाचे व चाळीस भाग घरगुती वापराचे धरण्याचा प्रघात पडला. तेथें कित्येक कुटुंबें कालव्यावरील नौकांतच राहतात. त्यांच्या चुलीस सवलत मिळाली तर आम्हांस तींत अन्याय दिसत नाहीं. घर उबदार ठेवणें ही गरज आहे. रविवारीं फेरफटका मारणें ही हौस आहे.

आपल्या महाराष्ट्रांत मासेमारीच्या यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील राज्याचा कर परत करण्याची योजना आहे. मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत ती चालते. पैसे आधीं भरावे लागतात व मागाहून परत मिळतात. ही सवलत आम्हांस योग्य वाटते. मच्छिमाराच्या नौकेंतील डिझेल म्हणजे शेतकऱ्याचें बियाणें. तें खर्चल्यावांचून जाळें भरत नाहीं. तीच सवलत हौसेच्या नौकेस देणें म्हणजे बियाण्याच्या नांवावर मेजवानी झोडणें होय.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, व तो रास्त आहे. करमणुकीच्या सगळ्याच नौका धनिकांच्या नसतात. तारकर्लीस पाहुण्यांस समुद्र दाखविणारा नावाडी किंवा भिगवणास पक्षी पाहण्यास नेणारा कोळी हे पोटासाठींच नाव चालवितात. त्यांस साह्य करूं नये असें आम्हीं म्हणत नाहीं. पण तें स्वस्त इंधनाच्या रूपानें नको. उजनीच्या जलाशयांत, आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून कळाशीकडे निघालेली नाव २१ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जीव बुडाले. सरकारजवळ नावांसाठीं पैसा असेल, तर तो प्रथम तरंगणाऱ्या बंड्यांवर, धक्क्यांवर व नावांच्या तपासणीवर खर्च व्हावा.

स्वस्त इंधन नको म्हणण्याचें आणखी एक कारण आहे. एकाच वस्तूचे दोन भाव झाले कीं तेथें चोरबाजार उभा राहतो. शिधापत्रिकेवरील रॉकेल निळ्या रंगाचें केलें, तरी त्याची भेसळ थांबली नाहीं. मालेगांवचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ अशाच भेसळखोरांनीं जिवंत जाळलें. सवलत देतांना तिची राखण कोणाच्या प्राणांवर बेतेल, ह्याचाही विचार राज्यकर्त्यांनीं केला पाहिजे. म्हणून साह्य द्यावयाचें तें कष्ट करणाराच्या हातीं, उघड हिशेबानें, रोख द्यावें आणि तें वेळेवर पोंचवावें. पंपावरचा भाव मात्र सर्वांस एकच असावा.

जलविहारास आमचा विरोध नाहीं. वल्हें मारणें हा उत्तम व्यायाम आहे आणि शिडास तर वाराच पुरतो. ज्यास एंजिनाचीच हौस आहे, त्यानें ती अवश्य पुरवावी. कर मात्र इतरांप्रमाणें भरावा.

विद्यार्थिमित्रांनो, यंदाच्या नांगरटीस किती लिटर डिझेल लागलें, हें घरीं वडिलांस विचारा, व त्यांत कर किती गेला याचा हिशेब वहींत मांडून पाहा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं हा प्रश्न विचारल्यास तो टाळूं नये. आपण काय भरतों व तें कशासाठीं, हें ज्यास ठाऊक आहे, तोच पुढें सवलती वाटणारांस जाब विचारूं शकेल.