शर्यतीची इवलीशी मोटार आणि स्वदेशीची कसोटी

जपानमधील ‘तामिया’ या उद्योगाचे शिल्पकार शुनसाकु तामिया यांचे जुलै २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले. हे नाव महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांनी पोलाद ओतले नाही की जहाजे बांधली नाहीत. शर्यतीच्या मोटारी, रणगाडे आणि जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती मुलांनी व प्रौढांनी स्वहस्ते जुळवाव्यात, यासाठी सुट्या भागांचे संच त्यांनी तयार केले. खेळण्यांचाच हा व्यवसाय. तरीही एखादे राष्ट्र निर्मितिक्षम कसे होते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने या खेळण्यांकडे अवश्य पाहावे.

तामियाचे गाव शिझुओका. सतराव्या शतकाच्या आरंभी तोकुगावा इएयासू या राज्यकर्त्याचे वास्तव्य या परिसरात होते. त्याच्या निधनानंतर १६१७ मध्ये जवळच्या कुनो डोंगरावर त्याचे स्मृतिमंदिर उभे राहिले. गडकोट आणि मंदिरे यांच्या कामासाठी आलेले सुतार, कोरीवकाम करणारे व लाखकाम करणारे कारागीर पुढे तेथेच स्थायिक झाले, आणि लाकूडकाम ही त्या शहराची ओळख बनली. याच शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकडाचा व्यवसाय सुरू केला. १९५१ च्या आगीत कारखाना भस्मसात झाला, तेव्हा त्यांनी लाकडी प्रतिकृतींवर सारे लक्ष केंद्रित केले. देश युद्धात बेचिराख झालेला आणि कारखाना आगीत गेलेला. हाताशी उरले होते ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य.

पण केवळ परंपरा पाठीशी असणे पुरेसे नसते, हेही याच कथेतून दिसते. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील प्लॅस्टिकचे संच जपानच्या बाजारात आले आणि लाकडी प्रतिकृतींची मागणी ओसरू लागली. तामियाने १९६० मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेची प्लॅस्टिक प्रतिकृती काढली, तर प्रतिस्पर्ध्याने तीच नौका अधिक स्वस्तात विकली आणि तामियाला मोठा फटका बसला. अशा वेळी ग्राहकांच्या देशभक्तीला आवाहन करून निकृष्ट माल खपवण्याचा मार्ग खुला असतो. शुनसाकु यांनी तो स्वीकारला नाही. आपला संच इतका अचूक असावा की परदेशी ग्राहकाने तोच मागावा, हा मार्ग त्यांनी निवडला.

१९६७ मध्ये तामियाने होंडाच्या फॉर्म्युला वन शर्यतीतील ‘आरए २७३’ या मोटारीची मूळ मोटारीच्या एक-बारांश आकाराची प्रतिकृती काढली. होंडाने अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये मेक्सिकोत फॉर्म्युला वनची आपली पहिली शर्यत जिंकली होती. देशाच्या यंत्रविद्येचा तो विजय त्या संचाच्या रूपाने जपानी मुलांच्या टेबलावर आला आणि तो त्यांनी आपल्या हातांनी जुळवला. पुढे पोर्शे मोटारीच्या प्रतिकृतीसाठी शुनसाकु यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि प्रत्येक भाग पाहता-मोजता यावा म्हणून ती सुटी केली. खेळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे व्यवहारी माणसाला वाटेल. परंतु मुलाच्या हाती द्यायच्या वस्तूतही खोटे माप असू नये, या आग्रहालाच गुणवत्ता म्हणतात.

१९८२ मध्ये तामियाने ‘मिनी फोर डब्ल्यूडी’ ही मूळ गाडीच्या एक-बत्तीसांश आकाराची, चारही चाकांना गती असलेली छोटी मोटार बाजारात आणली. ती जोडायला गोंद लागत नाही. भाग एकमेकांत बसवायचे, दातेरी चाके लावायची, मोटर आणि दोन पेन्सिल सेल घालायचे. १९८८ पासून तिच्या देशव्यापी स्पर्धा भरू लागल्या. गाडीला दूरनियंत्रक नसतो. दोन्ही बाजूंनी भिंती असलेल्या मार्गात ती सोडली की स्पर्धकाचे हात रिकामे. जे काही करायचे ते आधीच केलेले असावे लागते, आणि या खेळाचे सारे शिक्षण याच अटीत आहे.

कारण वेगवान मोटर लावली म्हणजे गाडी जिंकते असे नाही. उलट वळणावर किंवा चढावरून ती उडून मार्गाबाहेर पडते. मग मुलगा दातेरी चाकांचे प्रमाण बदलतो. भिंतीला घासून वळणाऱ्या रोलरची जागा सरकवून पाहतो. उडी मारून खाली येताना गाडी आपटून उसळू नये म्हणून खाली-वर हलणारी वजने बसवतो. चढावर वेग थोडा आवरावा म्हणून तळाशी स्पंजची पट्टी लावतो. आणि हे सारे नियमांच्या चौकटीत: रुंदी १०५ मिलिमीटरपेक्षा अधिक नको, लांबी १६५ पेक्षा अधिक नको, सेल व मोटरसह वजन ९० ग्रॅमपेक्षा कमी नको. घर्षण, गुरुत्वमध्य आणि वेग यांचा परस्परसंबंध तो व्याख्या पाठ न करता शिकतो. गाडी उडाली तर दोष पंचाचा नसतो, नशिबाचाही नसतो. तो आपल्या जुळणीत कोठेतरी आहे आणि आपणच तो शोधायचा आहे, एवढे त्याला उमगते. हा संस्कार लहान नव्हे.

आता आपल्या देशाकडे वळावे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले. २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकांची सक्ती झाली. चिनी मालाच्या लोंढ्यापुढे देशी कारागिराला उसंत मिळावी म्हणून ही पावले आवश्यकच होती आणि स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे स्वागत केले. पण सीमाशुल्क फक्त अवधी देते, गुणवत्ता देत नाही. त्या अवधीत आपला साचा किती अचूक झाला, हा प्रश्न स्वदेशीच्या समर्थकांनीच सर्वप्रथम विचारला पाहिजे. चिनी माल नको, असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी ठेवण्याजोगी वस्तू घडवणे हे खरे व्रत.

आपल्याकडे परंपरा नाही असे कोण म्हणेल? दिवाळीत महाराष्ट्रातील मुले माती-दगडांचे किल्ले करतात. बुरूज, तटबंदी आणि माची यांसह राजगड किंवा प्रतापगड अंगणात उभा करणे हेही प्रतिकृतीचेच शास्त्र आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला चाके लावलेले लाकडी नंदी सजवून मुले मिरवतात आणि सर्वोत्तम सजावटीला बक्षीस मिळते. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची लाकडी खेळणी तर सर्वश्रुत आहेत. शिझुओकाच्या सुतारांपाशी जे होते ते येथेही होते. फरक पुढे पडला. त्यांनी लाकडावरचे कसब साच्यापर्यंत आणि मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेले. आपण ते सणापुरते आणि शोकेसपुरते ठेवले. आता तर किल्लाही प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, तयार मिळतो. मूल माती कालवत नाही आणि पालकांना अंगण स्वच्छ राहिल्याचे समाधान वाटते.

यामागचे कारण बाजारापेक्षा मनात अधिक आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतो, विश्वकर्म्याला देवत्व देतो. पण मुलगा कानस घेऊन काही घासत बसला की ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय?’ हा प्रश्न ठरलेला. हाताने काम करणाऱ्याला खालचे मानण्याची ही वृत्ती जातिभेदाइतकीच जुनी आणि तितकीच घातक आहे. समरसतेचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की सुताराच्या आणि लोहाराच्या कामाला प्रतिष्ठा मिळाल्याखेरीज त्यांच्या मुलांना मिळणारी प्रतिष्ठा अर्धीच राहील. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत पारंपरिक बाहुल्या व खेळणी घडवणाऱ्यांचाही समावेश आहे. सरकारने आपला हात पुढे केला आहे. समाजाची दृष्टी बदलणे हे सरकारचे काम नव्हे.

हा श्रीमंतांचा छंद आहे, असा आक्षेप घेतला जाईल. महागडे परदेशी संच विकत घेण्यापुरता तो राहिला तर आक्षेप खराच ठरेल. पण लाकडाची पट्टी, जुन्या खेळण्यातील मोटर, दोन सेल आणि मोजपट्टी एवढ्यावरही मोटार धावते. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे ग्रेटर नॉएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि थांबली. पैसे मोजून शर्यत आणता येते, शर्यतीची मोटार घडवणारे हात आणता येत नाहीत. ते घरातच तयार व्हावे लागतात, आणि त्यासाठी दहाव्या-बाराव्या वर्षी आरंभ करावा लागतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. शाळाशाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळाही उभ्या राहत आहेत. त्या दहा दिवसांत गावच्या सुताराला आणि गॅरेजमधील मिस्त्रीला सन्मानाने वर्गात बोलवावे. गणेशोत्सवात हलते देखावे उभारणारे कारागीर ज्या मंडळांच्या ओळखीचे आहेत, त्यांनी मुलांसाठी छोट्या मोटारींची स्पर्धा भरवावी. नियम कडक असावेत आणि गाडी मुलानेच जोडलेली असावी. आपल्या विचारांच्या शिक्षणसंस्थांनी यात पुढाकार घ्यावा आणि साचेकाम जाणणाऱ्या पुणे-कोल्हापूरच्या उद्योजकांनी देशी संच काढावा. तो संच स्वस्त असावाच. पण त्याचे दातेरी चाक दातेरी चाकात नेमके बसावे. भारतीय मुलाने तो संच देशी आहे म्हणून नव्हे, तर उत्तम आहे म्हणून मागितला, तर त्या दिवशी स्वदेशी कसोटीला उतरली असे म्हणता येईल.