परसातल्या वेली आणि खाजनातले बियाणे

व्हेनिस म्हटले की कालवे आणि होड्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. तेथे शेतीही होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या नगराभोवतीच्या उथळ खाडीतील लहान बेटांवर शतकानुशतके द्राक्षांचे मळे होते. दोरोना ही सोनेरी द्राक्षाची जात तेथलीच. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले, खाऱ्या पाण्याने मळे बुडाले आणि दोरोना जवळजवळ नामशेष झाली.

छत्तीस वर्षांनी, २००२ साली, तोर्चेल्लो बेटावरील प्राचीन चर्चनजीकच्या एका परसात जियानलुका बिझोल यांना त्या जातीच्या काही वेली दिसल्या. बिझोल घराणे मुख्य भूमीवरील वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांत पिढ्यानपिढ्या द्राक्षे पिकविणारे. शोध घेता आणखी काही वेली हाती लागल्या. पुढे मात्झोर्बो बेटावर, भिंतीने वेढलेल्या जुन्या आवारात, एक हेक्टरहूनही लहान असा मळा उभा राहिला. त्यास ‘व्हेनिस्सा’ हे नाव मिळाले आणि २०१० साली पहिला हंगाम हाती आला.

मद्याचा गौरव करणे हा आमचा हेतू नाही. सोन्याचा वर्ख लावलेली ती बाटली सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु श्रेय केवळ धनिक घराण्याचे नव्हे. ज्या कोणी बाजारात किंमत नसताना परसात वेली जपल्या, त्यांचे ते आधी आहे. शिवाय आवाराची जमीन नगरपालिकेची राहिली आणि तेथील भाजीचे वाफे शेजारच्या बुरानो बेटावरील वृद्धांच्या हाती राहिले. बियाणे जपणारा, जमीन राखणारी सार्वजनिक संस्था आणि वाट पाहण्याची तयारी असलेले कुटुंब, असे तिघे एकत्र आले तेव्हा मळा झाला.

दिवाडी आणि चोडण ही आपलीही बेटेच आहेत. मांडवीचे खारे पाणी बांध आणि मानशींनी अडवून आपल्या पूर्वजांनी तेथे खाजन शेती उभी केली आणि खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकविले. बांधांची निगा गावकरी एकजुटीने राखीत असत. कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. आज जेथे बांध फुटतो तेथे शेत पडते, आणि पडलेल्या शेतावर डोळा ठेवणाऱ्यांची वाण नाही. परकीय सत्तेपासून सोडविलेली भूमी समुद्राच्या आणि दलालांच्या स्वाधीन करावयाची असेल, तर १९६१ चा अर्थ काय उरला?

व्हेनिसला २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा १८७ सेंटिमीटर पाणी चढले. समुद्र आपली वाट सोडणार नाही. म्हणून सरकारने बांध फुटण्यापूर्वी डागडुजीचा पैसा द्यावा, आणि कोरगुट पेरणाऱ्यास त्याच्या बियाण्याचे रास्त मोल मिळावे. शेवटचे बियाणे संपल्यावर कोणाच्या परसात ते शोधावयास जाणार?