‘लागणे’ : अर्थांची यादी आणि वाक्याची घडण

‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ विचारले की स्पर्श होणे, आरंभ होणे, गरज असणे अशी क्रमांकित यादी लिहिण्याकडे आपला कल असतो. शब्दकोशाला अशी यादी द्यावीच लागते. अभ्यासकाने मात्र ती पाठ करण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या शिवारात सहज उच्चारली जातील अशी दोन वाक्ये घ्या : ‘मक्याला पाणी लागते’ आणि ‘विहिरीला पाणी लागले’. ‘ला’ प्रत्यय तोच, पाणी तेच, क्रियापदही तेच. तरी पहिल्यात गरज आहे आणि दुसऱ्यात प्राप्ती. हा भेद मका व विहीर यांच्या स्वभावातून आणि काळातून उलगडतो.

आता ‘मी जाऊ लागलो’ आणि ‘मला जावे लागले’ ही वाक्ये पाहा. येथे निर्णय व्याकरणच देते. ‘-ऊ’ प्रत्ययान्त रूपापुढे ‘लागणे’ आरंभ दाखवते आणि कर्त्याप्रमाणे बदलते. स्त्री ‘जाऊ लागले’ म्हणेल. ‘-आवे’ रूपापुढे ते अपरिहार्यता दाखवते, व्यक्ती ‘मला’ या रूपात जाते आणि बोलणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, ‘जावे लागले’ तसेच राहते.

‘मला’ने सुरू होणारी ही घडण केवळ आपली नाही. स्पॅनिशमधील ‘गुस्तार’ हे नित्याचे क्रियापद असेच चालते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. दोन्हीकडे क्रियापद आंब्यांप्रमाणे अनेकवचनी होते. इंग्रजीच्या सवयीने स्पॅनिश शिकणारा येथे अडखळतो, मराठी भाषकाला ही वाट ओळखीची असते.

परीक्षेत ‘लागते’ हा शब्द घरगुती वाटून अनेक जण ‘आवश्यकता आहे’ लिहितात. ‘प्रकल्पास निधीची आवश्यकता आहे’ येथे ते शोभतेही. परंतु ‘शिक्षण सोडले’, ‘शिक्षण सोडावे लागले’ आणि ‘शिक्षण सोडण्याची सक्ती झाली’ ही तीन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात निर्णय बोलणाऱ्याचा दिसतो. तिसऱ्यात सक्ती करणारा कोणी तरी सूचित होतो. मधले वाक्य परिस्थितीचे ओझे सांगते, पण कोणावर ठपका ठेवत नाही. दूरशिक्षणाकडे वळलेल्या कित्येकांना स्वतःविषयी नेमके हेच सांगायचे असते. ते भारदस्त नामांत गुंडाळले की हकीकतच बदलते. (भारदस्तपणाचा हा सोस आपल्या अर्जांतही पुष्कळ दिसतो.)

म्हणून स्वाध्यायासाठी आठवडाभर आपल्या घरात व शेतात कानी पडलेली ‘लागणे’ची वाक्ये वहीत उतरवा. ‘ला’ कोणाला लागला आणि क्रियापद कोणाप्रमाणे बदलले, हे प्रत्येकापुढे नोंदवा. ‘तो माझा मामा आहे’ आणि ‘तो माझा मामा लागतो’ यांतील कोणते वाक्य आपण सख्ख्या मामाविषयी वापरतो, हेही घरच्यांना विचारून लिहा.