कॉन्टेसा चालवणाऱ्याचे म्हणणे

जुन्या गाडीवर जीव असणाऱ्या माणसाला लोक दोनच कारणे चिकटवतात. एक तर तो आठवणींत रमणारा आहे, किंवा त्याच्याकडे पैसे जास्त झाले आहेत. मी सरकारी खात्यात कारकून आहे, म्हणजे दुसरे कारण आपोआप बाद. पहिलेही मला पटत नाही. अमेरिकेत आज पंचविशीतली पोरे १९६८-६९ च्या मस्टँग नि चार्जरसाठी जीव टाकतात. तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांच्या आईबापांचाही जन्म झाला नव्हता. न पाहिलेल्या काळाची आठवण कुठून येणार? तिथे दुसरेच काहीतरी आहे, आणि ते स्टिअरिंग हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन कोंबायचे, एवढीच युक्ती. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओमध्ये ६.४ लिटरचे इंजिन दिले, तिथून ही हवा पसरली. पुढे विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले, आणि दहा वर्षांत खेळ आटोपला. आजच्या बऱ्याच घरगुती गाड्या त्यांना वेगात गाठतील आणि ब्रेक मारल्यावर त्यांच्या कितीतरी आधी थांबतील. तरी माणसे जुनीच शोधतात. २०२४ मध्ये डॉजने विजेवरची चार्जर आणली तेव्हा तिला जुन्या इंजिनासारखा गुरगुराट काढणारी यंत्रणा मुद्दाम बसवली. आमच्या जत्रेतल्या नाटकात पडद्यामागे पत्रा हलवून वीज कडाडवतात, तसलाच हा प्रकार!

आपल्याकडे मसल कार म्हणावी अशी काही झालीच नाही. झाली ती कॉन्टेसा. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ सरदारीण. पोर्तुगीजमध्ये 'कोंदेसा', म्हणजे आमच्याकडच्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ पासून २००२ पर्यंत काढली. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉलच्या सत्तरीतल्या गाडीचा. लांब बॉनेट, चार गोल दिवे, ऐसपैस बसकण. दुरून पाहिले तर थेट अमेरिकेतून आल्यासारखी. बॉनेट उघडले की मात्र सुरुवातीच्या गाड्यांत अ‍ॅम्बॅसडरचेच दीड लिटरचे इंजिन. पैलवानाचा फेटा बांधलेला कारकून! (हे मी म्हटले तर चालते.) नंतर इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, अश्वशक्ती ८८ वर गेली आणि रूपाला शोभेल इतपत जोर आला. माझी १९९१ ची आहे, या दुसऱ्या इंजिनाची. मामांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती, त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली.

रविवारी पहाटे मी ती साखळी, केरी करत चोर्ला घाटात नेतो. थंड इंजिनाला आधी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून पेट्रोल पाजायचे, मग किल्ली. घाई केली तर कार्बोरेटर तुंबतो, मग दहा मिनिटे गप्प बसायचे. उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवताना खांद्यातून कळ येते, पण चाक फिरू लागले की तेच हलके होते आणि रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला सांगू लागते. केरी सोडली की चढ. इंजिन कधी दमले ते काट्यावर पाहावे लागत नाही, आवाज जड होतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात कधी यायचे ते कान ठरवतो. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून भागत नाही, ते तापतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच तिला आवरून धरावे लागते. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मिरगाच्या पहिल्या पावसात रस्त्यावर तांबडी माती नि तेल एक झाले की वळणावर शेपूट किंचित सुटू पाहते. सुटण्याआधी ती सीटमधून कमरेला सांगते. ते ऐकायला लागतात तिथे खरी गाडी चालवायला शिकलात.

पुतण्याची नवी गाडी मी चालवली आहे. उत्तम आहे, खोटे का बोला? पण तिच्यात मी पाहुणा असतो. समोर गाय आली की पिपाणी, बाजूने स्कूटर घुसली की पिपाणी. चढ आहे की उतार हे गाडीने परस्पर ठरवून गिअर बदललेला असतो. काचा बंद केल्या की केरीचे रान काय आणि पणजीचा बाजार काय, आत सारखेच. अपघात झाला तर ती मला वाचवील, माझी कॉन्टेसा वाचवेलच असे नाही. तिला ना एअरबॅग, ना एबीएस. म्हणून रात्री-अपरात्री इस्पितळात कुणाला न्यायचे झाले तर मी पुतण्यालाच हाक मारतो. ऑफिसला स्कूटरने जातो. लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी कारकुनाने रोज चालवायची नसते. नवी गाडी चांगली की जुनी, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे. पोचायचे असेल तर नवी. चालवायची असेल तर जुनी.

पुतण्या म्हणतो, "काका, भंगारात द्या आणि मोकळे व्हा." त्याच्या म्हणण्याला आता सरकारी बळ आले आहे. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायला दहा हजार रुपये लागतात. २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण ती पन्नास वर्षांवरच्या गाडीला. सर्वांत जुन्या कॉन्टेसाला ती पन्नाशी २०३४ मध्ये लाभेल, माझ्या गाडीला २०४१ मध्ये. तोवर ती धड वारसा नाही आणि धड वाहन नाही. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, जे जुन्या रबरी नळ्यांना आणि गॅस्केटला सोसत नाही.

रस्त्यावरचा धूर कमी व्हावा हे मलाही हवे आहे. रोज धूर ओकत धावणारी खटारा गाडी आणि महिन्यात शंभर किलोमीटर फिरणारी, जपलेली गाडी यांना एकाच रकान्यात टाकू नये, एवढेच माझे म्हणणे. जर्मनीत तीस वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला वेगळी नंबर प्लेट मिळते. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' हीही तीस वर्षांचाच हिशेब धरते. आपल्याकडेही तीस ते पन्नास वयाच्या गाड्यांसाठी एक वर्ग असावा. वर्षाला ठरावीक किलोमीटर, दरवर्षी कडक तपासणी, शुल्क काय ते घ्या. पन्नासाची अट ठेवून मधली सगळी भंगारात घातली, तर पन्नाशी गाठायला उरणार कोण?

माझी नोंदणी येत्या वर्षात संपते. दहा हजार बाजूला काढले आहेत, बायकोला सांगितलेले नाही. नळ्या बदलून झाल्या. अडले आहे ते मागच्या उजव्या दिव्याच्या काचेपाशी. फोंड्यापासून बेळगावपर्यंत विचारून झाले. कुणाच्या परसात माडाखाली कॉन्टेसा कुजत उभी असेल आणि तिची ती काच शाबूत असेल, तर कृपया कळवा.