किल्ली खरी, पण दार उघडेना

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं तीन दिवस एकच चिंता होती. नातवाच्या कचेरींतील एका सर्व्हरनें रोज रात्रीं दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन हिशेबाच्या दप्तराची नक्कल ठेवावी, अशी योजना होती. मध्यरात्रीं पासवर्ड घालावयास माणूस नसतो. म्हणून ‘एसएसएच’च्या किल्लीनें प्रवेश व्हावयाचा. पण तीन रात्री नक्कल पडली नाहीं. मूळ यंत्र बिघडतें, तर सारें दप्तर बुडालें असतें! “आजोबा, किल्ली तीनदां नवी केली, तरी दार बंदच,” असें तो काकुळतीनें म्हणाला.

या किल्लीचें मर्म असें. फिनलंडमधील तातू यिलोनेन यांनीं १९९५ सालीं, आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यांत पासवर्ड चोरले गेल्यावर, ही पद्धति निर्माण केली. किल्ल्यांची जोडी असते. खाजगी किल्ली घर सोडीत नाहीं; सार्वजनिक किल्ली पलीकडच्या सर्व्हरवर ‘ऑथोराइज्ड कीज’ नांवाच्या यादींत नोंदवितात. खाजगी किल्लीची सही त्या नोंदीशीं जुळली, कीं प्रवेश मिळतो.

मग अडलें कोठें? मीं म्हटलें, “अरे, गणित चुकलें असतां तेंच उत्तर सुवाच्य अक्षरांत पुन्हा लिहून काय होणार? ज्यानें नाकारलें, त्यालाच कारण विचार.” अलीकडे नुसता ‘प्रवेश नाकारला’ एवढाच निरोप येत होता. पलीकडच्या सर्व्हरची नोंदवही उघडली, तों कारण तेथें स्पष्ट लिहिलेलें: होम डिरेक्टरीची मालकी वा परवानगी सदोष आहे. कोणीतरी सोयीसाठीं तेथें सर्वांस लेखनाचा अधिकार देऊन ठेविला होता. ज्या घरांत कोणीही शिरून यादी बदलूं शकेल, तेथील यादी सर्व्हर प्रमाण मानीत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

एका मित्रानें सुचविलें, कीं ही तपासणीच बंद करावी. म्हणजे पहारेकरी हटकतो म्हणून पहारेकऱ्यासच घरीं पाठवावयाचें! नातवानें तसें केलें नाहीं. होम डिरेक्टरीवरील इतरांचा लेखनाधिकार काढला. ‘एसएसएच’च्या फोल्डरास ७०० व यादीस ६०० अशी परवानगी दिली, म्हणजे दोहोंवर मालकाखेरीज कोणाचाच अधिकार उरला नाहीं. त्याच रात्रीं नक्कल पडली.

एक काम मात्र मीं आग्रहानें करविलें. तीनदां केलेल्या किल्ल्यांपैकीं दोहोंच्या नोंदी यादींत तशाच होत्या, त्या पुसविल्या. नको असलेली किल्ली यादींत राहूं देणें, हीही ढिलाईच. वाचकहो, दोष पुष्कळदां किल्लींत नसतो. तो घर उघडें टाकण्याच्या संवयींत असतो.