झडप मिटते ती पाण्याने

ठिबक संच बसविलेल्या बागांत आता विजेच्या इशाऱ्यावर उघडमीट करणाऱ्या झडपा, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दिसू लागल्या आहेत. जेथे रात्रीच्या पाळीची वीज आहे, तेथे शेतकऱ्याची पायपीट वाचविणारे हे साधन निःसंशय उपयुक्त होय. परंतु ते बिघडले की प्रथम विजेला दोष देण्याची जी रीत पडली आहे, ती माझ्या मते चुकीची आहे.

एका द्राक्षबागेत मला याचा प्रत्यय आला. “साहेब, वीज तोडली तरी पाणी चालूच राहते,” अशी बागाईतदारांची तक्रार होती. दोन वेळा कॉइल बदलून झाली होती आणि बागेच्या एका कोपऱ्यात चिखल माजला होता. झडप खोलली, तेव्हा रबरी पडद्याजवळील बारीक छिद्रात वाळूचा कण सापडला.

पाच सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब असेल, तर पाण्याचा एकूण भार सुमारे २९ किलो होतो. एवढा भार लहानशा कॉइलला उचलवणार नाही. म्हणून तिच्याकडे केवळ दोनएक मिलिमीटरच्या पायलट छिद्रावरील दट्ट्या उचलण्याचे काम दिलेले असते. तेथे पाण्याचा भार पन्नास ग्रॅमसुद्धा नसतो. उरलेले काम पाणीच करते. मुख्य नळातील थोडे पाणी बारीक छिद्रातून पडद्याच्या वरच्या पोकळीत शिरते. दाब वर आणि खाली सारखाच. पण वरून तो पडद्याच्या सर्व पृष्ठभागावर पडतो, खालून थोड्याच भागावर. त्यामुळे पडदा घट्ट बसतो. दट्ट्या उचलला की पोकळीतील पाणी, नवे शिरते त्याहून वेगाने, पुढील नळात निसटते. दाब उतरतो आणि खालचे पाणी पडदा वर ढकलते. वीज गेली की दट्ट्या स्प्रिंगने खाली येतो, पोकळी पुन्हा भरते व झडप मिटते. भरण्याचे छिद्रच बुजले, तर कॉइल कितीही नवी असो, झडप उघडीच राहणार! पायलट छिद्र बुजले, तर उलट ती उघडणार नाही.

यास्तव गाळणीची व्यवस्था धड नसताना अशा झडपा बसविण्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संमती देऊ नये, असे मला आग्रहाने वाटते. १२० मेशची जाळी फाटलेली नसावी. विहिरीचे पाणी जड असेल, तर छिद्राशी क्षार साचतात, हेही ध्यानात ठेवावे. दाबाचीही अट आहे. दोन मीटर उंचीच्या टाकीखाली दर चौरस सेंटिमीटरला ०.२ किलो एवढाच दाब मिळतो. तेवढ्यावर या जातीच्या बहुतेक झडपा नीट चालत नाहीत. तेथे हातझडपच बरी.

झडप बसवून देणाऱ्याने ती शेतकऱ्यासमोर एकदा खोलून, दोन्ही छिद्रे दाखवून, पुन्हा जोडावी. पडद्याचे चार-सहा स्क्रू काढावयास फार वेळ लागत नाही. मात्र त्यापूर्वी पंप बंद करून नळातील दाब उतरवावा.