उताराची फरशी

सांवेर हे उलट्या हनुमंताचे गाव. जेथे प्रत्यक्ष मारुतिरायाचे मुखच उलटे आहे, तेथे घरातील फरशी थोडी कलली म्हणून तक्रार कोणी करावी, असे आम्ही वर्षानुवर्षे थट्टेने म्हणत आलो. गेल्या वैशाखात नातवाच्या हट्टाने घरात काचेची मत्स्यपेटी आली आणि ती थट्टा आमच्याच अंगाशी आली.

पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच. लोखंडी स्टँडवर ठेवून ती भरली तेव्हा पाणी डावीकडे काठापासून दोन बोटे खाली, तर उजवीकडे एकच बोट खाली दिसू लागले. आमच्या माजघराची फरशी जुन्या रीतीप्रमाणे मोरीकडे उतरती आहे. सौभाग्यवतींनी मिस्त्रींना बोलवावे असे सुचविले. एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला, असे म्हणून आम्ही अर्धे पाणी काढले, चिरंजीवांकडून उजवी बाजू उचलवून घेतली आणि जुन्या पोस्टकार्डांच्या दोन जाड घड्या पेटीच्या त्या दोन कोपऱ्यांखाली सारल्या. पाण्याची रेघ सरळ झाली. “आता पक्के बसले,” असे आम्ही नातवाला सांगितले.

ज्येष्ठातील एका रात्री काच तडकली. उठून दिवा लावेपर्यंत पाणी माजघरभर झाले होते आणि वाडवडिलांनी ठेवलेल्या उताराने ते निमूटपणे मोरीकडे चालले होते. पाच मासे बादलीत टाकता आले. सहावा सकाळी कपाटाखाली सापडला. “आजोबा, तुम्ही पक्के म्हणाला होतात,” एवढेच नातू बोलला. त्यानंतर दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

मग मिस्त्री आले. त्यांनी घड्या हातात घेऊन पाहिल्या व आमच्या वयाचा मान राखून हसू आवरले. एका बोटाचा कल चांगली काच बहुधा सोसते, असे त्यांचे म्हणणे. पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. काच आणि खडी धरून ते सव्वाशेच्या पुढे जाते. आम्ही उजवीकडचा सगळा भार दोन बोटभर जागांवर आणून ठेवला होता आणि मधला तळ अधांतरी सोडला होता. काचेखाली कोपऱ्यात काहीही घालावयाचे नाही. उंची द्यावयाची ती स्टँडच्या पायांखाली, आणि तीही पेटी पूर्ण रिकामी करून.

नव्या पेटीच्या वेळी त्यांनी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीत बुडबुडा नसला की दोन्ही टोकांस पाणी एकाच पातळीवर उभे राहते, मग मधली जमीन कशीही असो. चार पायांच्या चार जागी त्या पातळीच्या खुणा करून त्यांनी खुणेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजले. जेथे अंतर सर्वांत कमी, ती जागा सर्वांत उंच. तेथे काही घातले नाही. उरलेल्या तीन पायांखाली फरकाइतके कोटा फरशीचे तुकडे बसविले व सुतभर राहिलेली फट सागवानी पाचरींची जोडी समोरासमोरून ठोकून भरली. कागद किंवा पुठ्ठा ओल लागली की दबतो, म्हणून तो वर्ज्य. शेवटी एक पोस्टकार्ड प्रत्येक पायाखाली सारून पाहिले. कोठेच शिरले नाही. तीन पाय टेकलेले आणि चौथा अधांतरी असला तर भार पडल्यावर स्टँड पिळतो, आणि हा पीळ डोळ्यांना दिसत नाही. काचेखाली अर्धा इंच जाडीचे अखंड थर्मोकोल घातले, पण ते बारीक खडबडीतपणापुरते. कल त्याने जात नाही. बिनचौकटीच्या पेटीलाच ते लागते. पाणी प्रथम पाव भरले, मग अर्धे, आणि नळीने पुन्हा पाहून दुसऱ्या दिवशी पूर्ण.

जाताना मिस्त्री म्हणाले, “बाबूजी, बरसात के बाद फिर देख लेना.” ही सूचना माळव्यातील प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या घरांचे पाये उथळ असले तर त्यांवरील फरशी तिच्याबरोबर हलते. वैशाखात बसविलेले भाद्रपदात तसेच राहील याचा भरवसा नाही.

आश्विनात आम्ही पाहिले. पुढच्या उजव्या पायाखाली पोस्टकार्ड सहज शिरले. पेटी पुन्हा रिकामी केली, मासे बादलीत गेले, पाचर ठोकली. आम्ही पाणी भरावयास घेतले तेव्हा नातवाने हात धरून थांबविले, पोस्टकार्ड आमच्याकडून मागून घेतले आणि चारही पायांखाली स्वतः सारून पाहिले.